अस्तित्व आधी की जात आधी?

बी.ए.च्या वर्गाला अस्तित्ववाद शिकवताना मी फळ्यावर एकच सूत्र लिहीत असे : अस्तित्व आधी, सार मागून. सुरी घडण्याआधीच ती कशासाठी हे लोहाराच्या मनात ठरलेले असते (लोहार म्हणतानाही जात आलीच!), माणसाचे तसे नाही. तो आधी असतो, मग स्वतःच्या निवडीतून घडतो आणि त्या निवडीची जबाबदारी टाळू शकत नाही. सार्त्रने १९४५ साली पॅरिसच्या व्याख्यानात मांडले ते थोडक्यात हेच. एकदा अर्धापूरच्या केळीच्या मळ्यात मजुरीला जाणाऱ्या बाईचा मुलगा म्हणाला, "सर, मग आमचं सुरीसारखंच की. जन्मायच्या आधीच ठरलेलं." वर्ग हसला. मला हसता आले नाही.

सार्त्रला हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. ज्यूंविषयीच्या १९४६च्या पुस्तकात, इतरांची नजरच माणसाला ज्यू ठरवते असे तो म्हणतो. पण आपल्याकडे त्या नजरेमागे धर्मग्रंथ उभा आहे, गावकूस उभे आहे, पाणवठा उभा आहे.

मराठीत १९६३ साली दोन पुस्तके आली : नेमाड्यांची 'कोसला' आणि बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह. अस्तित्ववाद म्हटला की मीही वर्षानुवर्षे 'कोसला'च काढून बसलो. कादंबरी थोर आहे. धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पाने आजही मला सलग वाचवत नाहीत. पण पांडुरंग सांगवीकराला सारे निरर्थक वाटले तरी परतायला घर आहे, बापाची शेती आहे. बागुलांचा नायक परत कुठे जाणार?

तो जात लपवतो. ही सार्त्र म्हणतो ती आत्मवंचना आहे काय? मला वाटते, नाही. दुसऱ्याशी खोटे बोलणे आणि स्वतःशी खोटे बोलणे यांत सार्त्रच फरक करतो. नायक स्वतःला फसवत नाही. आत्मवंचना आहे ती त्याच्या कवितेला मान देऊन जात कळताच मारायला धावणाऱ्यांची. माणूस तोच, कविता त्याच. एका शब्दाने सारे पुसले. त्याला वाचवतो काशीनाथ, जात उघडपणे सांगणारा.

नांदेडला खोली शोधताना मीही आडनाव गिळून नुसते नाव सांगितले होते. पंधरा दिवसांनी सामान बाहेर आले. म्हणून ही कथा मी तटस्थपणे वाचू शकत नाही, आणि वाचावी असेही मला वाटत नाही.

मग सार्त्रचे सूत्र टाकून द्यायचे? गावाचे वर्णन म्हणून ते खोटे आहे. मागणी म्हणून खरे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखो माणसांनी बाबासाहेबांसोबत जन्माने लादलेले सार नाकारले. अस्तित्ववादी निवड ती हीच. मात्र ती एकट्याच्या खोलीतली नव्हती, आणि तिथे अस्तित्ववादाची पुस्तके मला अपुरी वाटतात.

यंदा 'कोसला'च्या आधी बागुलांची कथा घेतली आहे. त्या मुलालाच ती मोठ्याने वाचायला सांगितली.