जामखेडचा आकडा आणि आईची सुई

"गरोदरपणातल्या लसीमुळे जामखेडला बालमृत्यू घटले." असं वाक्य आपण संशोधन प्रस्तावात सहज लिहून जातो. पण पुरावा खरंच तेवढं सांगतो का? बघू.

डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रकल्पाच्या आकडेवारीनुसार 1971 मध्ये हजार जन्मांमागे 176 अर्भकं दगावत होती. 1976 मध्ये 52. जबरदस्त घट! पण त्याच पाच वर्षांत गरोदरपणातली तपासणी, सुरक्षित बाळंतपण, मुलांचं लसीकरण हे सगळंच जवळपास शून्यावरून वर गेलं. आता धनुर्वाताचंच घ्या. आईला लस दिली तरी बाळ वाचतं, नाळ स्वच्छ पात्याने कापली तरी वाचतं. मग श्रेय कोणाला? नुसत्या आधी-नंतरच्या आकड्यांतून ते वेगळं काढता येत नाही.

2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'बुलेटिन'मध्ये आलेला अभ्यास एक पाऊल पुढे गेला. त्याने तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं घेतली. प्रकल्पाच्या गावांत मृत्यूचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी कमी निघाला, पण तो एक महिन्यापुढच्या मुलांमध्ये. नवजात धनुर्वात होतो पहिल्या 28 दिवसांत! म्हणजे हे 30 टक्के आईच्या सुईच्या खात्यात टाकता येत नाहीत. शिवाय 1985 च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गरोदर बायकांसाठी ही लस होतीच. तुलनेच्या गावांतही ती पोचली असेल, तर फरक दिसणार कसा?

मग लस बिनकामाची का? अजिबात नाही. तिचा पुरावा दुसरीकडे आहे. कोलंबियाच्या ग्रामीण भागातल्या, 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही बायकांना धनुर्वाताची लस दिली, काहींना फ्लूची. कोणाला कोणती, हे त्यांना आणि तपासणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. धनुर्वाताचे दोन-तीन डोस घेतलेल्या आयांचं एकही बाळ धनुर्वाताने गेलं नाही.

थोडक्यात, "लस काम करते का?" याचं उत्तर कोलंबिया देतं. "गावात आरोग्यव्यवस्था उभी राहिली तर काय बदलतं?" याचं जामखेड. ही सरमिसळ नुसती शब्दांची चूक नाही. सगळं श्रेय सुईला दिलं, तर उद्या कोणीतरी सुईचाच खर्च मंजूर करेल आणि घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका यादीतून गळेल.