हेळा की होळा?

माउली, नामदेवरायांची पांडुरंगाची आरती तुम्हांला तोंडपाठ आहे. पण शेवटच्या कडव्यात ‘दर्शन’ला जोडून काय म्हणता? टाळांच्या गजरात पुष्कळदा ‘होळा’ ऐकू येते. मीही कित्येक वर्षे तेच म्हणत होतो. मूळ शब्द ‘हेळा’. संस्कृत ‘हेला’, म्हणजे लीला, सहजपणा. चंद्रभागेत न्हाऊन आलेल्याला नुसत्या दर्शनाने, सायासावाचून मुक्ती, असे नामदेवराय सांगतात. ‘होळा’ म्हटले की नेमके हे ‘सायासावाचून’च गळते, आणि पायी आलेल्या वारकऱ्याला दिलेले आश्वासन त्याच्याच तोंडून हरवते. एखादी आजी चुकली तर हसू नका. तिचा भाव विठोबाला पोहोचतो. पुढे उभे राहून चाल म्हणणाऱ्याने मात्र ‘हे’ खणखणीत उच्चारावा. मागचे तसेच उचलतील.