पणाला किती लावावे?

जुगारावरचे पुस्तक एका मुख्याध्यापकाने परीक्षणाला घ्यावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. तरीही एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाचे ‘अ मॅन फॉर ऑल मार्केट्स’ हे २०१७ साली निघालेले आत्मचरित्र मी दोनदा वाचले, आणि माझी त्याविषयीची तक्रार जुगाराची नाही.

संभाव्यता शिकवताना आम्ही मास्तर मंडळी नाणे आणि फासा हाती घेतो. फाशाला मागचे काही आठवत नाही. पत्त्यांच्या कॅटाचे तसे नसते. ब्लॅकजॅकच्या डावात वाटलेली पाने बाजूला पडतात. पंज्या संपल्या की पारडे खेळणाऱ्याकडे झुकते. दश्श्या, चित्रे व एक्के संपले की जुगारगृहाकडे. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत शिकवत असताना थॉर्प यांनी आयबीएम ७०४ या यंत्रावर हा हिशेब मांडला आणि १९६१ मध्ये छापला. तो पुढे पाठवणारे क्लॉड शॅनन यांनी शीर्षकातला ‘जिंकण्याची’ हा शब्द काढून ‘अनुकूल’ हा घालायला सुचवले. एका विशेषणात संभाव्यतेचे सारे शास्त्र आले!

शॅनन यांच्या सहवासाची पाने पुस्तकात सर्वांत रसाळ उतरली आहेत. चेंडू झेलणारा, एकचाकी सायकल चालवणारा हा थोर माणूस आणि थॉर्प मिळून रूलेटच्या चक्राचा अंदाज घेणारे, अंगावर वागवता येणारे छोटे संगणकयंत्र तयार करतात. बुटात अंगठ्याने दाबायची कळ, कानात सूर. १९६१ च्या उन्हाळ्यात लास व्हेगासला यंत्र चालते, पण कानाकडे जाणारी तार सारखी तुटते.

पण पुस्तकाचा खरा गाभा वेगळाच आहे. डाव अनुकूल असला तरी पणाला किती लावायचे? बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांनी १९५६ मध्ये याचे उत्तर दिले होते. शंभरांत ५२ वेळा जिंकण्याची शक्यता असेल आणि पण बरोबरीचा असेल, तर जवळच्या पुंजीतले चार टक्केच लावावेत. आठ टक्के लावले तर दीर्घकाळात वाढ जवळजवळ शून्य. त्याहून पुढे उतारच. युधिष्ठिरासमोर तर फासेच प्रतिकूल होते, आणि त्याने काहीच मागे ठेवले नाही. थॉर्प यांनी हे गणित नुसते सांगितले नाही, आयुष्यभर पाळले. १९६९ ते १९८८ पर्यंत त्यांचा गुंतवणूक निधी चालला. त्यात तोट्याचे एकही वर्ष नाही. याच निधीच्या प्रिन्स्टन कचेरीवर १९८७ मध्ये धाड पडली. थॉर्प यांच्यावर आरोप नव्हता, पण निधी आवरावा लागला.

आता तक्रार. ब्लॅकजॅकची युक्ती थॉर्प यांनी जगाला देऊन टाकली. १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ लिहून ती कोणालाही वाचता येईल अशी केली. पुढे ब्लॅक आणि शोल्स यांनी १९७३ मध्ये छापले त्याच जातीचे सूत्र १९६७ मध्येच आपल्या हाती आले होते, असे ते सांगतात. ते मात्र छापले नाही, वापरले. शोल्स आणि मर्टन यांना त्या कामासाठी १९९७ मध्ये नोबेल मिळाले. थॉर्प यांच्या सुरात कडवटपणा नाही, ही मोठी गोष्ट. पण ज्ञान वाटावे की राखावे, या प्रश्नापाशी मला हवे तितके ते थांबत नाहीत. गुंतवणूकदारांचे हित सांभाळायचे होते, हे मान्य. तरी वर्गात शिकवलेला माणूस म्हणून त्यांना काय वाटले, ते मला वाचायचे होते.

१९९१ चा प्रसंगही असाच. बर्नार्ड मॅडॉफ यांचे व्यवहार तपासताना, कागदावरचे सौदे बाजारात झालेच नव्हते, हे त्यांनी ताडले; सल्ला विचारणाऱ्याला पैसे काढून घ्यायला सांगितले. घोटाळा कोसळला तो डिसेंबर २००८ मध्ये. एवढ्या दीर्घ काळावर आत्मचरित्रकाराने एखादे प्रकरण अडवून धरायला हवे होते. त्याऐवजी उत्तरार्धात चक्रवाढीचे आणि काटकसरीचे उपदेश येतात, जे कोणतीही बँक फुकट छापून देते.