यानातली जागा आणि चुकण्याचा हक्क

दलित साहित्याच्या नियतकालिकात एका अमेरिकी विज्ञानमालिकेवर लिहायचे म्हटले की काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडणार, हे मी गृहीत धरतो. भाकरीचे प्रश्न सुटलेले नाहीत आणि हा गृहस्थ ताऱ्यांच्या गोष्टी सांगतो! परंतु उद्याच्या जगाचे चित्र ही काही निरुपद्रवी करमणूक नसते. त्या चित्रात यान कोण चालवतो, हुकूम कोण सोडतो, आधी कोण मरतो आणि कोणाला मुळात जागाच नसते, हे आजचा समाज आपल्या सोयीने ठरवीत असतो. आपला भूतकाळ दुसऱ्यांनी लिहिला, म्हणून आपण लेखणी उचलली. भविष्यकाळाचीही अशीच परस्पर वाटणी होत असेल, तर तिचा हिशेब कोणी मागायचा?

मी 'स्टार ट्रेक'चा जुना चाहता आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ही मालिका दाखवली तेव्हा आमच्या चाळीत एकच संच होता आणि दारात उभे राहून ती पाहावी लागे. इंग्रजी निम्मे कळायचे नाही. परंतु यानाच्या मुख्य कक्षात, इतर अधिकाऱ्यांच्या बरोबरीने, एक काळी स्त्री बसलेली आहे आणि तिला कोणी उठ म्हणत नाही, एवढे कळण्यासाठी इंग्रजीची गरज नव्हती.

ती लेफ्टनंट उहुरा. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत ही मालिका सुरू झाली तेव्हा तिकडे काळ्यांच्या नागरी हक्कांचा लढा ऐन भरात होता. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पहिल्या पर्वानंतर मालिका सोडायचे मनात आणले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबवले, असे त्या पुढे अनेकदा सांगत. काळ्यांना समान माणूस म्हणून दाखवणारी ती जागा रिकामी करू नका, हा किंग यांच्या सांगण्याचा मथितार्थ. निकोल्स थांबल्या. त्यांना पडद्यावर पाहणाऱ्या मुलींपैकी एक, मे जेमिसन, १९९२ साली अंतराळात जाणारी पहिली काळी स्त्री ठरली. म्हणून पडद्यावरची जागा क्षुल्लक, असे मी कधीच म्हणणार नाही. मात्र त्या जागेवर बसून उहुराला काम काय होते? आलेले संदेश ऐकायचे आणि कॅप्टनच्या कानी घालायचे. जागा मिळाली होती, निर्णय मिळाला नव्हता.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून मी 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी' या मालिकेच्या पहिल्या पर्वाचा आरंभ पाहिला. २४ सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेत तिचे पहिले दोन भाग एकाच दिवशी आले. आपल्याकडे ते लगेच नेटफ्लिक्सवर पाहायला मिळाले. नायिका मायकल बर्नहॅम, भूमिका सोनेक्वा मार्टिन-ग्रीन यांची. 'स्टार ट्रेक'च्या इतिहासात प्रथमच एक काळी स्त्री मालिकेच्या केंद्रस्थानी आली. ती दिसायच्या आधीच, नुसत्या जाहिरातीच्या चित्रफितीवरूनच, गोऱ्या चाहत्यांतल्या काहींनी आरडाओरड केली की आमची मालिका बाटली. त्यांचा राग पाहून माझा आनंद दुणावला, हे सांगायला मला संकोच नाही.

आरंभ तर मोठा देखणा आहे. वाळवंटी ग्रहावर दुष्काळ पडणार आहे. तिथल्या जीवांचा वंश वाचावा म्हणून कॅप्टन फिलिपा जॉर्जियो आणि तिची दुय्यम अधिकारी बर्नहॅम बंद पडलेली विहीर मोकळी करतात. दोन स्त्रिया, एक आशियाई चेहऱ्याची आणि एक काळी, तहानलेल्यांसाठी पाणी उघडतात. ज्यांच्या बापजाद्यांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला त्यांनी हे दृश्य थंडपणे पाहावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. याच वेळी जॉर्जियो तिला सांगते की माझ्या हाताखाली तुझी सात वर्षे झाली, आता तुला स्वतःचे यान मिळण्याचा विचार करायला हवा. पन्नास वर्षांनी उहुराचे ऋण फिटणार, असे मला वाटले.

दोन भाग संपतात तेव्हा हीच बर्नहॅम अंधाऱ्या न्यायालयात उभी असते. न्यायाधीशांचे चेहरे सावलीत बुडालेले. आरोप ती कबूल करते. तिचा हुद्दा काढून घेतला जातो आणि तिला जन्मठेप होते. मालिकेला जिचे नाव आहे ते डिस्कव्हरी यान अजून पडद्यावर आलेलेही नसते.

मधल्या काळात काय घडते? सीमेवर क्लिंगॉन या लढाऊ जमातीचे यान दबा धरून बसले आहे. बर्नहॅमचे आईबाप क्लिंगॉनांच्या हल्ल्यात गेले, म्हणून व्हल्कन या तर्कनिष्ठ जमातीतल्या सारेकने तिला वाढवले. सारेक तिला जुना अनुभव सांगतो: क्लिंगॉन दिसताच व्हल्कन आधी गोळी झाडत, त्यातूनच पुढे त्यांना मान मिळाला. बर्नहॅम कॅप्टनला हेच करायला सांगते. कॅप्टन नकार देते. तेव्हा बर्नहॅम तिला बेशुद्ध करून हुकूम आपल्या हाती घेऊ पाहते. बंड फसते, युद्ध पेटते, जॉर्जियो मारली जाते आणि क्लिंगॉनांचा नेता टकुव्मा बर्नहॅमच्या हातून मरून हुतात्मा होतो.

या गोंधळात एक संवाद आहे आणि माझ्या मते सबंध आरंभाचे मर्म त्यात आहे. क्लिंगॉन स्वभावानेच हल्लेखोर आहेत, असे बर्नहॅम सुचवते. त्यावर वरिष्ठ अधिकारी तिला सुनावतो की तुझ्यासारखीने तरी वंशावरून निष्कर्ष काढू नयेत. ती उत्तरते की वंश आणि संस्कृती यांची गल्लत करू नका. हे उत्तर ऐकताना मी खुर्चीत सावरून बसलो. 'आमचा जातीला विरोध नाही हो, संस्कारांचा प्रश्न आहे' हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेले नाही? भाड्याने खोली नाकारताना ते ऐकू येते, मुलाखतीच्या खोलीबाहेर ऐकू येते. वंश म्हणायची लाज वाटू लागली की संस्कृती हा शब्द पुढे केला जातो. मालिकेच्या लेखकांनी हे वाक्य एका काळ्या स्त्रीच्या तोंडी घातले. यात चातुर्य आहे, अप्रामाणिकपणाही आहे. कारण गोळी आधी झाडण्याच्या समर्थनाला तिच्या कातडीची ग्वाही मिळते.

येथे कोणी म्हणेल, काळी नायिका निष्कलंक देवीच दाखवायला हवी काय? मुळीच नको. देव्हाऱ्यात बसवणे हा माणूसपण नाकारण्याचाच एक प्रकार आहे. दलित साहित्याने जी माणसे उभी केली ती भितात, चिडतात, खोटे बोलतात, एकमेकांना मारतात. म्हणूनच ती खरी आहेत. बर्नहॅमला जखम आहे, त्या जखमेतून आलेला राग आहे, आणि रागापोटी ती चुकते. या चुकीचे मी स्वागत करतो. उहुराला चुकायलाही वाव नव्हता.

माझा आक्षेप मापाला आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये याच विश्वातल्या स्पॉकने, म्हणजे कथेच्या नात्याने बर्नहॅमच्या मानलेल्या भावाने, खोटे हुकूम बनवून यान पळवले. ज्या ग्रहावर जाण्याला मृत्युदंड होता तेथे नेले. त्याच्यावर खटला उभा राहिला आणि कथेच्या शेवटी सर्व काही माफ झाले. १९८४ च्या चित्रपटात कॅप्टन कर्कने, तेव्हा तो ॲडमिरल होता, सरळ यानच चोरले. १९८६ च्या चित्रपटात त्याला शिक्षा काय झाली? ॲडमिरलचा कॅप्टन केला आणि नवे यान दिले. म्हणजे त्याला मनातून जे हवे होते तेच हाती आले. कर्कने मधल्या काळात पृथ्वी वाचवली होती आणि बर्नहॅमच्या हातून युद्ध भडकले, हे मला ठाऊक आहे. पण कोणाच्या बंडातून पृथ्वी वाचावी आणि कोणाच्या बंडातून युद्ध पेटावे, हे कथालेखक ठरवतो. नियम मोडणारा गोरा पुरुष धाडसी ठरतो. तेच काळ्या स्त्रीने केले की ती गुन्हेगार ठरते आणि तिचे पुढचे सगळे आयुष्य प्रायश्चित्तात जाते.

हा योगायोग म्हणावा, तर आणखी एक हिशेब पाहा. कर्क, पिकार्ड, जेनवे हे आपापल्या मालिकेत पहिल्या दिवसापासून कॅप्टन होते. जानेवारी १९९३ मध्ये 'डीप स्पेस नाइन' सुरू झाली. एव्हरी ब्रुक्स यांचा सिस्को हा पहिला काळा नायक. तो कमांडर म्हणून आला आणि कॅप्टन झाला १९९५ साली, तिसऱ्या पर्वाच्या शेवटी. बर्नहॅमला फेब्रुवारी २०१८ मध्ये माफी मिळाली आणि ती कॅप्टन झाली जानेवारी २०२१ मध्ये, पुन्हा तिसऱ्या पर्वाच्याच शेवटी. दोन काळे नायक, दोघांनाही तीन पर्वांची उमेदवारी! कोणी बसून असा कट केला असेल असे मी म्हणत नाही. कटाची गरजच नसते. सवय पुरेशी असते.

त्या उमेदवारीचे मूळ पुढे सहाव्या भागात उघडे पडते. व्हल्कनांच्या मानाच्या पथकात जाण्याइतकी गुणवत्ता बर्नहॅमने मिळवलेली असते. अधिकारी सारेकला बजावतात की तुझ्या घरातल्या दोघांपैकी, अर्धा मानव स्पॉक किंवा पूर्ण मानव बर्नहॅम, एकालाच घेऊ. सारेक मुलाला निवडतो आणि मुलीला सांगतो की तू कमी पडलीस. ती वर्षानुवर्षे ते खरे मानते. दार आतून बंद करायचे आणि बाहेरच्याला सांगायचे की तुला उघडता आले नाही, या व्यवहाराचे इतके नेमके चित्र मी विज्ञानकथेत क्वचित पाहिले आहे. अशा घरात वाढलेली मुलगी कॅप्टनपुढे आपले म्हणणे मांडताना कोणत्या घाईने, कोणत्या धास्तीने मांडील, याचा उलगडा या भागात होतो. आरंभाचे दोन भाग मी यानंतर पुन्हा पाहिले. तेव्हा बर्नहॅमचे बंड मला अधिक कळले आणि जन्मठेप अधिक बोचली.

आरंभात आणखी एक बहिष्कृत आहे. समीक्षकांचे त्याच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. व्होक नावाचा क्लिंगॉन. सगळे क्लिंगॉन गडद कातडीचे, हा पांढराफटक. घराणे विचारले तर सांगतो की मी कोणाचाच पुत्र नाही. ज्यांच्या कुळाचा दाखला मागून ज्यांना उठवले गेले आहे, त्यांना या उत्तराचा अर्थ समजावून द्यायला नको. टकुव्मा त्याला जवळ घेतो, मशाल त्याच्या हाती देतो. पण कशासाठी? चोवीस घराण्यांचे साम्राज्य शुद्ध राहावे या युद्धासाठी. बहिष्कृताला मशाल द्यायची आणि ती शुद्धतेच्या चुलीला लावायची, ही युक्ती आपल्या परिचयाची आहे. एकीकडे उदार फेडरेशन बर्नहॅमला पहिल्या चुकीनंतर बाहेर काढते. दुसरीकडे कट्टर पंथ व्होकला आत घेतो आणि वापरतो. लेखकांनी हे दोन धागे समोरासमोर ठेवले, हे त्यांचे श्रेय. मात्र रंगाची उलटापालट करून त्यांनी गोऱ्या प्रेक्षकाची सोय केली. पांढऱ्या व्होकबद्दल हळहळताना त्याला स्वतःच्या शेजाऱ्याची आठवण होत नाही.

आपल्यासाठी या मालिकेचा धडा काय? दलित पँथरने १९७२ साली आपले नाव काळ्यांच्या चळवळीकडून घेतले, तेव्हापासून त्यांच्या वाङ्मयाशी आपले नाते आहे. ते नाते फक्त वेदनेचे असू नये; त्यांच्या चिकित्सेचेही असावे. मी ज्या महाविद्यालयात शिकवायला लागलो तेथे आमच्यातला मी पहिलाच. सहकाऱ्याच्या गुणपत्रिकेत चूक निघाली तर ती त्याची चूक असे. माझ्या गुणपत्रिकेत निघाली की राखीव जागांवर चर्चा होई. वाचकांतल्या कित्येक शिक्षकांना, कारकुनांना, अभियंत्यांना हा अनुभव नवा नसेल. पहिल्याच्या खांद्यावर सगळ्या समाजाचे ओझे देतात आणि मग म्हणतात, पाहा, चाल डगमगते.

म्हणून विद्यार्थी मित्रांना माझे सांगणे आहे की पडद्यावर, पुस्तकात, मंत्रिमंडळात आपले किती चेहरे आहेत एवढेच मोजून थांबू नका. चुकल्यावर कोणाला यान मिळते आणि कोणाला तुरुंग, हे विचारा. कॅप्टन व्हायला कोणाला एक भाग लागतो आणि कोणाला तीन पर्वे, हे विचारा. हाच प्रश्न मराठी विज्ञानकथेलाही विचारा: तिच्या प्रयोगशाळेत, तिच्या यानात वस्तीतले पोर किती वेळा शिरले, आणि शिरले तर हातात झाडू होता की सुकाणू?

पाच पर्वांनंतर, ३० मे २०२४ रोजी ही मालिका संपली. शेवटपर्यंत बर्नहॅम कॅप्टन होती. मी प्रत्येक भाग पाहिला आणि ती जिंकावी असेच मला शेवटपर्यंत वाटत राहिले. चाहता असणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. जागा मागण्याचा लढा आपण पुष्कळसा लढलो आहोत. त्या जागेवर बसून इतरांसारखे चुकण्याचा, चूक सुधारून पुन्हा हुकूम देण्याचा हक्क अजून मिळवायचा आहे, आणि तो मिळेपर्यंत समता हा शब्द अर्धाच उच्चारला गेला असे समजावे.