भय आणि भिषग्वर

धरणगावात जन्मलेल्या बालकवींनी (१८९०-१९१८) ‘उदासीनता’ या कवितेत कारण न उमजणाऱ्या खिन्नतेला शब्द दिले. खिन्नतेची सख्खी बहीण म्हणजे भीती. तिच्यावर इलाज शोधणाऱ्याची कथा डॉ. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या चरित्रात्मक कादंबरीत आहे.

एलिस (१९१३-२००७) तरुणपणी स्त्रियांशी बोलायला विलक्षण घाबरत. वयाच्या १९ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वनस्पती-उद्यानात त्यांनी महिनाभरात १०० अनोळखी स्त्रियांशी संभाषण केले. पदरी नकारच आले. भीती मात्र ओसरली. १९५५ मध्ये त्यांनी मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची बीजे अशा स्वानुभवात आहेत. प्रथमपुरुषी निवेदनामुळे हा अनुभव जिवंत होतो. मात्र इतरांची बाजू एलिस यांच्याच नजरेतून दिसते, ही या रचनेची मर्यादा आम्हांस जाणवते.

एलिस निरीश्वरवादी होते. तेवढ्यासाठी श्रद्धावंताने पुस्तक मिटू नये. गेथशेमनीच्या बागेत प्रभू ख्रिस्तही व्याकूळ झाला होता. भय हे पाप नव्हे, श्रद्धेचा अभावही नव्हे. पापनिवेदनाने आत्म्याला क्षमा लाभते. आजारी मनाला मानसोपचारतज्ज्ञाचीही गरज असते. आपल्या कुटुंबांनी ती न लाजता ओळखावी, म्हणून हे पुस्तक घरोघरी वाचले जावे, असे आम्हांस वाटते.