‘श्यामची आई’मधील कथन आणि संवाद

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व तेथील छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. तेव्हा ही एका शिक्षकाची कृती आहे, हे समीक्षकाने दृष्टिआड करता कामा नये.

या पुस्तकात भाषिक व्यवहाराचे दोन थर आहेत. बाहेरच्या थरात श्याम आश्रमातील सोबत्यांना बेचाळीस रात्री आठवणी सांगतो. श्रोते आगेमागे थोडे बोलतात. कथन चालू असता बहुधा ऐकतात. आतल्या थरात आई व मूल परस्परांशी बोलतात, आणि खरे शिकणे येथे घडते. न्हाऊन आलेल्या श्यामला तळव्यांना माती लागू द्यायची नाही; तो हट्ट धरतो, आई दगडावर लुगड्याचा ओचा पसरते. हट्ट आधी पुरविला जातो. त्यानंतर आई त्याच्याच हट्टातील विषय उचलते आणि पायांवरून मनाकडे नेते. उपदेश आहेच, पण त्याची सामग्री मुलाने पुरविलेली आहे. पोहण्याच्या प्रसंगात हा क्रम उलटतो: मार आधी, बोलणे मागाहून. भावनेच्या दृष्टीने तो प्रसंग कितीही हृद्य असो, संवाद म्हणून तो दुबळाच म्हटला पाहिजे.

शाळांतून या पुस्तकाचे अनुकरण झाले ते मुख्यतः बाहेरच्या थराचे. गोष्ट सांगायची, डोळे पाणावले की तात्पर्य विचारायचे, आणि ठरलेले उत्तर आले की पुढे जायचे! ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरविले आहे, त्याला रूपाने प्रश्न म्हणता येईल. कार्याने तो आज्ञाच होय.

नवी मुंबईसारख्या ठिकाणी ही उणीव अधिक जाचते. तेथील मूळ गावांतील आगरी-कोळी मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकाच्या मराठीहून निराळी, आणि कामधंद्यासाठी आलेल्या कित्येक कुटुंबांच्या घरात तर मराठीच नाही. अशा वर्गात तात्पर्याचे प्रमाण वाक्य ज्याला जुळविता येत नाही, ते मूल गोष्ट पुरती समजूनही गप्प बसते. आणि शिक्षक त्या गप्प बसण्याला अनास्था समजतो. मुलाने गोष्टीतील एखादा शब्द स्वतःच्या बोलीत उच्चारला, तर तो सुधारण्यापूर्वी उचलून पुढचा प्रश्न त्यावर रचणे, हे तळव्यांच्या प्रसंगातील आईला साधले आहे.