मेंदूच्या चित्रात आजार दिसतो का?

करावे गावातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. ज्वालामुखी, पवनचक्की, पाणी शुद्ध करण्याची घरगुती पद्धत अशा नेहमीच्या मांडण्यांमध्ये नववीतल्या दोन मुलींनी मेंदूविषयी तक्ता लावला होता. त्यावर शेजारी शेजारी दोन रंगीत चित्रे होती. एकात तांबडा-पिवळा रंग भरपूर, खाली लिहिले होते 'निरोगी मेंदू'. दुसरे जवळजवळ सगळे निळे, खाली 'नैराश्यग्रस्त मेंदू'. मुली माहिती छान सांगत होत्या. ऐकणाऱ्या पालकांपैकी एका बाईंनी जरा बिचकतच विचारले, "सर, माझ्या भावाचा असा फोटो काढला तर त्याचा आजार दिसेल का? घरचे म्हणतात, त्याला काही झालेलं नाही, नाटक करतो."

आम्ही 'नाही' म्हणालो. ते उत्तर समोरच्या तक्त्याच्या अगदी विरुद्ध होते, आणि मुलींच्या चेहऱ्यावरून ते त्यांच्या लगेच लक्षात आले. दोष मुलींचा नव्हता. अशी जोडचित्रे पुस्तकांत, वर्तमानपत्रांत आणि जाहिरातींत इतक्या वेळा छापली जातात, की मोठी माणसेही त्यांना मनाचा फोटो समजतात. आमची तक्रार आहे ती त्या चित्रांविषयी.

ही चित्रे तयार कशी होतात ते आधी पाहू. तक्त्यावरची चित्रे 'पेट' यंत्राची होती. भारतातले पहिले वैद्यकीय पेट यंत्र २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसवले गेले. भाभा अणुसंशोधन केंद्राचाच तो एक विभाग आहे. या तपासणीत ग्लुकोजसारख्या एका रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून तो शिरेतून देतात. मेंदूचा जो भाग जास्त ग्लुकोज वापरतो तिथे हा रेणू जास्त साठतो आणि तिथून गॅमा किरण जास्त निघतात. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. सकाळी आठ वाजता तयार केलेले औषध अकरा वाजून चाळीस मिनिटांनी किती उरेल, हे गणित नववीच्या वर्गात जरूर द्यावे. एक चतुर्थांश उरेल. म्हणून हे औषध फार लांब नेऊन चालत नाही.

यंत्राच्या हाती येतात त्या केवळ संख्या. कोणत्या संख्येला तांबडा रंग द्यायचा आणि कोणत्या संख्येला निळा, हे माणूस ठरवतो. रंगांची पट्टी थोडी सरकवली तर तोच मेंदू तांबडा दिसेल किंवा निळा. शिवाय तपासणीच्या वेळी डोळे उघडे होते की मिटलेले, रुग्ण पेंगत होता का, त्याने शामक औषध घेतले होते का, यानेही संख्या बदलतात. तक्त्यावरची चित्रे कोणाची, कोणत्या स्थितीत काढलेली, पट्टी कोणती, यांपैकी काहीच लिहिलेले नव्हते. विज्ञानाच्या तासाला आपण एकके न लिहिलेल्या आलेखाचे गुण कापतो. मेंदूच्या चित्राला मात्र ही सूट का मिळावी?

दुसरी पद्धत 'एफएमआरआय'ची. हिच्यात किरणोत्सर्ग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असते, आणि प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म प्राणवायू धारण केलेल्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे असतात. सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या फरकाचा उपयोग करून मेंदूतील बदल टिपता येतात हे दाखवून दिले. पण इथेही आपण विचार मोजत नाही, चेतापेशींची विद्युत-क्रियाही थेट मोजत नाही. मोजतो तो रक्तातला बदल. तो पाच-सहा सेकंद उशिरा शिगेला पोचतो, आणि साधारण तीन मिलिमीटर बाजूच्या ज्या घनातून तो मोजतात, त्यात काही लाख चेतापेशी असतात.

करावे गावाला वीज देणाऱ्या रोहित्रावर मीटर लावला आहे असे समजा. संध्याकाळी सात वाजता भार वाढला, तर लोक घरी आले, दिवे-पंखे लागले, एवढे सांगता येईल. कोणत्या घरात भांडण चालू आहे आणि कोणत्या घरात साखरपुडा ठरतो आहे, हे त्या मीटरवरून सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवू का?

रोहित्रे अनेक असली की आणखी एक अडचण येते. मेंदूचे असे हजारो घन एकाच वेळी तपासले जातात. वर्गातल्या साठ मुलांना प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवायला सांगा. पाचही वेळा छापा येण्याची शक्यता बत्तिसात एक आहे, म्हणून साठांतल्या एक-दोघांना तो नुसत्या योगायोगाने येईलच. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा एफएमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली' आणि त्या माणसांच्या भावना ओळखायला 'सांगितले'. अनेक चाचण्या एकदम केल्यावर करावी लागणारी दुरुस्ती केली नाही, तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूत काही ठिपके 'सक्रिय' दिसले. दुरुस्ती करताच ते नाहीसे झाले. हा प्रयोग विनोदी वाटतो, आणि त्याला २०१२ चे इग्नोबेल पारितोषिकही मिळाले. पण त्याने अनेक संशोधकांना आपले जुने निष्कर्ष पुन्हा तपासायला लावले.

मग मानसिक आजारांबद्दल या चित्रांनी काहीच शिकवले नाही का? शिकवले. १९७६ साली ईव्ह जॉनस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनच्या आधारे दाखवले, की दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या सरासरीने मोठ्या असतात. वाईट संगोपनामुळे किंवा आईच्या वागण्यामुळे हा आजार होतो, असे त्या काळी पुष्कळ लोक मानत. त्या समजाला या कामामुळे धक्का बसला. असंख्य आयांच्या डोक्यावरचे ओझे त्यामुळे हलके झाले, हा लाभ लहान नाही.

परंतु 'सरासरीने' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. दहावीच्या मुलांची सरासरी उंची मुलींपेक्षा जास्त असते. म्हणून १५८ सेंटिमीटर उंचीचा विद्यार्थी मुलगा आहे की मुलगी, हे सांगता येते का? नैराश्याच्या बाबतीत हा फरक उंचीपेक्षा पुष्कळच कमी आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात नैराश्याच्या १,७२८ रुग्णांची तुलना ७,१९९ निरोगी व्यक्तींशी केली होती. स्मृतीशी संबंधित 'हिप्पोकॅम्पस' हा भाग रुग्णांमध्ये सरासरीने लहान आढळला, पण फरक प्रमाण विचलनाच्या फक्त ०.१४ पट होता. याचा अर्थ वर्गात असा सांगता येईल: एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस अशा १०० जोड्या घ्या. प्रत्येक जोडीत लहान हिप्पोकॅम्पस ज्याचा तो रुग्ण, असे म्हणत गेलो तर सुमारे ५४ वेळा उत्तर बरोबर येईल. नाणे उडवूनही ५० वेळा येतेच!

सरासरीची गोष्ट एका व्यक्तीला लावली की काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप दिली, तेव्हा इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या विद्युत-आलेखाचाही आधार घेतला. डोक्यावर विद्युत-अग्रे बसवून गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवली, तर त्या आलेखावरून घटनेची प्रत्यक्ष 'अनुभवस्मृती' ओळखता येते, असा या चाचणीचा दावा होता. चित्र नव्हते, आलेख होता. पण उडी तीच, मेंदूच्या संकेतावरून मनातल्या मजकुरावर. बंगळूरच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने त्याच वर्षी या चाचणीला पुरेसा शास्त्रीय पाया नसल्याचे मत दिले. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात, व्यक्तीच्या संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही, असा निर्णय दिला. निकाल मुख्यतः घटनेतील हक्कांवर आधारलेला होता. चाचणी किती वेळा चुकते, हा प्रश्न खरे तर त्याआधी प्रयोगशाळेतच विचारला जायला हवा होता.

करावेच्या त्या बाईंची अडचण मात्र उलट बाजूची होती. त्यांच्या भावाचे स्कॅन काढले आणि ते नॉर्मल आले, तर घरचे म्हणणार, "बघा, सांगत होतो ना, नाटक आहे." चुकीच्या तक्त्याचा खरा धोका हाच आहे. मानसोपचारतज्ज्ञ कधी कधी एमआरआय काढायला सांगतात, पण ते गाठ, रक्तस्राव, अपस्माराचे मूळ किंवा वृद्धांमधला स्मृतिभ्रंश यांसारखे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. नैराश्याचे निदान होते ते रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून: झोप, भूक, कामातले लक्ष, जगण्याविषयीचे विचार, आणि हे किती आठवड्यांपासून चालू आहे. स्कॅन नॉर्मल असूनही आजार खरा असतो. अर्धशिशीच्या बहुतेक रुग्णांचे स्कॅनही नॉर्मलच येते. त्यांचे डोके दुखत नाही असे कोणी म्हणत नाही.

हे सगळे प्रदर्शनाच्या गोंगाटात सांगणे शक्य नव्हते. आम्ही बाईंना एवढेच म्हणालो, की फोटोची वाट पाहू नका, भावाला जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा. आणि तो यायला तयार नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर आधी तुम्हीच बोला. त्यांनी क्रमांक प्रदर्शनाच्या पत्रिकेच्या मागे लिहून घेतला. मुलींनी तोवर रंगीत खडू आणले होते. 'नैराश्यग्रस्त मेंदू' या शब्दांवर त्यांनी काट मारली आणि 'इथे काय लिहायचे, सर?' म्हणून आम्हाला विचारले. चित्र कोणाचे आहे, हे आम्हालाही माहीत नव्हते. तसेच लिहायला सांगितले.